सहश्रवण आणि इतिहास : जॅझच्या जडणघडणीत ध्वनिमुद्रिका-श्रोत्यांचे योगदान

प्रस्तावना :

संगीताच्या इतिहासलेखनात कलावंत, वाद्ये, शैली आणि आश्रयदाते यांना मध्यवर्ती स्थान मिळते. श्रोत्याची नोंद मात्र 'रसिकांनी दाद दिली' एवढ्या एका वाक्यात आटोपते. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणाचे तंत्र रुळले आणि श्रोत्याची भूमिका पालटली. विकत घेता येईल, पुन्हा पुन्हा ऐकता येईल, मित्राला उसनी देता येईल आणि हातून पडली तर कायमची नष्ट होईल, अशी एक वस्तू त्याच्या हाती आली. ती म्हणजे ध्वनिमुद्रिका, अर्थात रेकॉर्ड.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेल्या जॅझ संगीताच्या बाबतीत ही वस्तू निर्णायक ठरली. जॅझप्रेमींमध्ये एक जुनी रीत आहे. भेट झाली की 'सध्या काय ऐकता आहात?' असे विचारायचे, आपल्याजवळची रेकॉर्ड लावायची, ती का आवडली ते सांगायचे आणि समोरच्याची पसंती ऐकून घ्यायची. या रीतीला प्रस्तुत निबंधात 'सहश्रवण' अशी संज्ञा वापरली आहे. वरवर पाहता हा फावल्या वेळेतील छंद होय. परंतु जॅझचा इतिहास लिहिण्याची महत्त्वाची साधने याच छंदातून निर्माण झाली, आणि त्या इतिहासातील काही ठळक उणिवाही याच छंदातून आल्या, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. जॅझच्या इतिहासात ध्वनिमुद्रिकेला प्राथमिक साधनाचे स्थान कसे मिळाले, हे स्पष्ट करणे.
२. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, जपान आणि मुंबई येथील सहश्रवणाच्या प्रथेचा आढावा घेणे.
३. श्रोत्यांच्या निवडीमुळे इतिहासात कोणते घटक टिकले व कोणते निसटले, याची चिकित्सा करणे.

ध्वनिमुद्रिका : एक ऐतिहासिक साधन

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा अभ्यासक लिखित स्वरलिपीकडे वळतो. जॅझमध्ये लिखित स्वरलिपी असली तरी ती अपुरी पडते, कारण या संगीताचा प्राण उपजेत आहे. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला ही कल्पना परकी नाही. एकच धून कलावंत आज एका रीतीने वाजवतो, उद्या दुसऱ्या रीतीने. त्या विशिष्ट दिवशीचे वादन जाणून घ्यावयाचे तर ध्वनिमुद्रण हाच आधार उरतो.

१९१७ मध्ये 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' या गोऱ्या वादकांच्या संचाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्यांना जॅझच्या पहिल्या प्रकाशित ध्वनिमुद्रिका मानले जाते. कृष्णवर्णीय कलावंतांनी घडवलेल्या संगीताचा पहिला मुद्रित पुरावा गोऱ्या संचाच्या नावावर नोंदला जावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. किंग ऑलिव्हर यांच्या संचाने १९२३ मध्ये ध्वनिमुद्रण केले. त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग होते. पुढे १९२५ ते १९२८ या काळात आर्मस्ट्राँग यांच्या 'हॉट फाइव्ह' व 'हॉट सेव्हन' या संचांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आजही जॅझच्या कोणत्याही अभ्यासक्रमाचा प्रारंभ बहुधा यांपासून होतो.

या साधनाच्या मर्यादाही आरंभीच ध्यानात घ्यावयास हव्यात. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच वादन मावत असे. नृत्यगृहात बराच वेळ चालणारी रचना तबकडीसाठी आखूड करावी लागे. शिवाय ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले नाही किंवा टिकले नाही, ते ऐकू येण्याचा मार्गच नव्हता. न्यू ऑर्लिन्सचे बडी बोल्डेन यांचे नाव जॅझच्या उगमाशी जोडले जाते, परंतु त्यांचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही.

पहिले श्रोते :

ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ यांनी 'ओके' कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्याचा खप पाहून कृष्णवर्णीय ग्राहक हा मोठा बाजार आहे, हे कंपन्यांच्या लक्षात आले. त्यानंतर 'रेस रेकॉर्ड्स' नावाच्या वेगळ्या मालिका निघू लागल्या. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात त्यांच्या जाहिराती येत. पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय सेवक उत्तरेतील शहरांतून या रेकॉर्ड दक्षिणेत नेऊन विकत. दक्षिणेतील खेड्यापाड्यांतील आणि उत्तरेतील कामगार वस्त्यांतील कुटुंबांनी त्या विकत घेतल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसह ऐकल्या.

सहश्रवणाच्या इतिहासाचा हा पहिला अध्याय होय. परंतु या कुटुंबांनी याद्या केल्या नाहीत, मंडळे स्थापन केली नाहीत की नियतकालिके काढली नाहीत. त्यामुळे त्यांना काय आवडले, त्यांनी एकमेकांना काय ऐकवले, याची लेखी नोंद फारशी मागे राहिली नाही. उरल्या त्या तबकड्या, वारंवार वाजून झिजलेल्या. ती झीज हाच त्यांच्या श्रवणाचा पुरावा असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आर्थिक मंदी आणि संग्राहकाचा उदय :

रेडिओचा प्रसार व १९२९ नंतरची महामंदी यांमुळे अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांचा धंदा कोसळला. १९२७ मध्ये सुमारे दहा कोटींच्या घरात असलेला वार्षिक खप १९३२ मध्ये सुमारे साठ लाखांवर आला, असे आकडे सामान्यतः दिले जातात. जुन्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या याद्यांतून वगळल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वीचे संगीत दुकानात मिळेनासे झाले.

याच सुमारास महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या, प्रामुख्याने गोऱ्या तरुणांचा एक लहान वर्ग जुन्या जॅझच्या शोधात निघाला. जुन्या बाजारातील ढिगारे, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानांतील शिल्लक माल, धर्मादाय संस्थांची भांडारे हे तरुण धुंडाळत. कृष्णवर्णीय वस्त्यांत दारोदार जाऊन 'जुन्या रेकॉर्ड आहेत का?' अशी विचारणा करीत. काही सेंट मोजून घेतलेली तबकडी संग्राहकांच्या बाजारात पुढे कित्येक पटींनी महाग होई. तबकड्या वाचल्या त्या या धडपडीमुळे, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या घरांतून त्या उचलल्या गेल्या, तेथील माणसांना 'ही तुम्ही केव्हा घेतली, कोणासोबत ऐकली?' असा प्रश्न क्वचितच विचारला गेला. वस्तू जतन झाली. तिच्याभोवतीची स्मृती मात्र बहुतांशी मागेच राहिली.

युरोपातील श्रोता-मंडळे :

युरोपातील श्रोत्याला जॅझ प्रत्यक्ष ऐकण्याची संधी विरळाच मिळे. त्यामुळे तेथे ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व अधिक वाढले. पॅरिसमधील काही विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून १९३२ मध्ये 'हॉट क्लब दे फ्रान्स' या संस्थेची स्थापना झाली. ह्यूग पनासिए हे तिचे अध्यक्ष झाले आणि शार्ल दलोने तिचे प्रमुख कार्यकर्ते. एकत्र बसून ध्वनिमुद्रिका ऐकणे व त्यांवर चर्चा करणे हा या मंडळाचा पाया होता. त्यातूनच १९३४ मध्ये जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांचा प्रसिद्ध पंचवाद्य संच उभा राहिला आणि १९३५ मध्ये 'जॅझ हॉट' हे नियतकालिक सुरू झाले. श्रोत्यांच्या मंडळातून वादकांचा संच निर्माण होणे, ही घटना श्रोता केवळ ग्रहण करणारा असतो या समजुतीला छेद देणारी आहे.

ब्रिटनमध्ये १९३३ मध्ये लंडन येथे पहिला 'ऱ्हिदम क्लब' स्थापन झाला आणि पाहता पाहता गावोगावी असे क्लब निघाले. एखाद्या सभासदाने आपल्या संग्रहातील निवडक रेकॉर्ड आणायच्या, प्रत्येकीची माहिती सांगायची व इतरांनी ऐकून मत द्यायचे, असे बैठकीचे स्वरूप असे. १९३५ नंतर, वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे, ब्रिटिश कामगार मंत्रालय अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने जवळजवळ नाकारीतच होते. ही कोंडी १९५६ मध्ये फुटली. म्हणजे ब्रिटिश जॅझप्रेमींची एक संपूर्ण पिढी मुख्यत्वे तबकड्यांवर वाढली. कवी फिलिप लार्किन आणि कादंबरीकार किंग्सले एमिस यांची ऑक्सफर्डमधील मैत्री अशाच एकत्र श्रवणातून दृढ झाली. लार्किन यांनी पुढे १९६१ ते १९७१ या काळात 'डेली टेलिग्राफ'मध्ये जॅझ-ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे लिहिली. आधुनिक जॅझविषयीची त्यांची उघड नाराजी पाहता, तरुणपणी मित्रांसोबत घडलेली रुची माणसाला आयुष्यभर कशी बांधून ठेवते, याचाही प्रत्यय येतो.

यादीपासून अल्बमपर्यंत :

सहश्रवणात एक व्यावहारिक अडचण होती. त्या काळच्या तबकडीवर बहुधा वाद्यवृंदाचे नाव असे. ट्रम्पेट कोणाचा, क्लॅरिनेट कोणाची, हे नमूद नसे. एकच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या टोपणनावांनीही विकले जाई. तेव्हा 'हा वादक कोण?' या प्रश्नावर मंडळांमध्ये वाद रंगत. कानाची पारख, तबकडीच्या मधल्या भागात कोरलेला मूळ साच्याचा क्रमांक आणि प्रत्यक्ष वादकांकडे केलेली विचारणा, यांच्या आधारे उत्तरे शोधली जात. दस्तऐवजाची सत्यता पडताळण्याची ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला परिचितच आहे.

या उत्तरांचे संकलन करून शार्ल दलोने यांनी १९३६ मध्ये 'हॉट डिस्कोग्राफी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वादकांची नावे, ध्वनिमुद्रणाच्या तारखा व क्रमांक यांची ही पद्धतशीर सूची पुढील सर्व जॅझ-संशोधनाचा आधार बनली. विद्यापीठांनी जॅझची दखल घेण्याच्या कितीतरी आधी हौशी श्रोत्यांनी हे काम केले होते.

न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गॅबलर यांचे 'कमोडोर म्युझिक शॉप' हे दुकान संग्राहकांचा अड्डा होते. गॅबलर, मार्शल स्टर्न्स आणि जॉन हॅमंड यांच्या पुढाकाराने १९३५ मध्ये 'युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका' ही संघटना स्थापन झाली. दुर्मीळ ध्वनिमुद्रणे पुन्हा काढणे आणि लेबलवर सर्व वादकांची नावे छापणे, हे तिचे महत्त्वाचे कार्य. आजवर अनाम राहिलेल्या वादकाला यामुळे छापील नाव मिळाले. १९३८ मध्ये गॅबलर यांनी स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांवरील 'स्ट्रेंज फ्रूट' हे गीत बिली हॉलिडे यांच्या नेहमीच्या मोठ्या कंपनीने ध्वनिमुद्रित करण्याचे नाकारले, तेव्हा १९३९ मध्ये ते 'कमोडोर'ने काढले. संग्राहकांच्या एका लहान दुकानातून हे धाडस झाले, हे विशेष होय.

'अल्बम' हा शब्दही याच काळाची आठवण देतो. अनेक ७८ फेऱ्यांच्या तबकड्या छायाचित्रांच्या संग्रहाप्रमाणे पुठ्ठ्याच्या बांधणीत एकत्र विकल्या जात. त्यावरून हा शब्द रूढ झाला. येल विद्यापीठाचा विद्यार्थी जॉर्ज अवाकियन हा मार्शल स्टर्न्स यांच्या घरी जमून रेकॉर्ड ऐकणाऱ्यांपैकी एक. त्याने 'डेका' कंपनीसाठी १९३९ मध्ये 'शिकागो जॅझ' या संचाची निर्मिती सुरू केली, तर १९४० पासून 'कोलंबिया'साठी जुन्या जॅझ ध्वनिमुद्रणांचे संच संपादित केले. मित्रांना ऐकवण्यासाठी केलेली निवड आता छापील टिपणासह बाजारात आली. १९४८ मध्ये 'कोलंबिया'ने लाँग प्ले तबकडी आणल्यावर अल्बम ही एकसंध कलाकृती मानली जाऊ लागली. श्रोत्याची यादी ही अशा रीतीने संपादकाची निवड बनली आणि संपादकाची निवड पुढील पिढीचा अभ्यासक्रम.

बंक जॉन्सन : शोध आणि सावधगिरी

संग्राहकांच्या कार्याचे बळ व त्यातील धोका या दोन्ही बाजू बंक जॉन्सन यांच्या उदाहरणात दिसतात. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जॅझमेन' या ग्रंथासाठी माहिती गोळा करताना विल्यम रसेल आदी संग्राहकांना या विस्मृत ट्रम्पेटवादकाचे नाव जुन्या वादकांकडून कळले. लुइझियाना राज्यातील न्यू आयबेरिया गावी पत्र पाठवून त्यांचा शोध लागला. जॉन्सन यांचे दात पडले होते आणि त्यांच्याजवळ वाद्यही नव्हते. चाहत्यांनी कृत्रिम दात व ट्रम्पेट यांची तजवीज केली आणि १९४२ मध्ये त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. जुन्या न्यू ऑर्लिन्स शैलीच्या पुनरुज्जीवनाला त्यातून मोठी चालना मिळाली.

आपला जन्म १८७९ चा असून आपण बडी बोल्डेन यांच्या संचात वाजवले, असे जॉन्सन सांगत. ऐकणाऱ्यांना बोल्डेनपर्यंत पोहोचणारा दुवा हवाच होता. पुढील संशोधकांनी जन्मवर्ष सुमारे दहा वर्षे अलीकडचे असावे असे दाखवले, आणि तो दुवा डळमळीत झाला. मौखिक साक्ष घेताना साक्षीदाराच्या स्मृतीइतकीच विचारणाऱ्याची इच्छाही तपासावी लागते, हा धडा येथून मिळतो. मात्र हीच परंपरा पुढे संस्थात्मक झाली. स्टर्न्स यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेली 'इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीज' १९६६ मध्ये रटगर्स विद्यापीठाकडे गेली. तर १९५८ मध्ये टुलेन विद्यापीठात सुरू झालेल्या जॅझ-अभिलेखागाराचे पहिले अभिरक्षक रसेल हेच होते.

जपानमधील श्रवणगृहे :

सहश्रवणाला सार्वजनिक स्थळ मिळवून दिले ते जपानने. तेथील 'जॅझ किस्सा' म्हणजे जॅझ ऐकण्यासाठीची कॉफीगृहे. योकोहामा येथे योशिदा मामोरू यांनी १९३३ मध्ये 'चिगुसा' हे कॉफीगृह सुरू केले. युद्धकाळात जॅझवर शत्रूचे संगीत म्हणून बंदी आली आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात 'चिगुसा'मधील संग्रह नष्ट झाला. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. आयात केलेली लाँग प्ले तबकडी सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची होती. एका कप कॉफीच्या किमतीत मात्र ती तासन्‌तास ऐकता येई. गिऱ्हाइकाने फर्माईश करायची, मालकाने तबकडीची एक बाजू लावायची आणि वाजत असलेल्या अल्बमचे वेष्टन सर्वांना दिसेल असे मांडायचे, अशी तेथील पद्धत. साठच्या दशकात अनेक ठिकाणी बोलण्यास मनाई असे. तोशिको आकियोशी आणि सादाओ वातानाबे यांच्यासारखे वादक अशा श्रवणातून शिकले व पुढे अमेरिकेत अध्ययनास गेले. कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनीही १९७४ पासून काही वर्षे टोकियोत असे जॅझगृह चालवले होते.

मुंबईचा संदर्भ :

मुंबईत जॅझ आले ते प्रत्यक्ष वादनातून. १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात आला. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे वादक आले. चर्चशी संलग्न शाळांत स्वरलिपी शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी हे संगीत आत्मसात केले. चिक चॉकलेट या नावाने ख्यात असलेले अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. सी. रामचंद्र यांच्या संगीतातून, विशेषतः १९५१ च्या 'अलबेला'मधून, त्यांच्या ट्रम्पेटचा बाज मराठी घराघरांत पोहोचला. ऐकणाऱ्यांना जॅझ हा शब्द ठाऊक असो वा नसो.

श्रोत्यांच्या बाजूने १९५२ मध्ये निरंजन झवेरी यांनी 'ब्ल्यू ऱ्हिदम' हे जॅझविषयक नियतकालिक मुंबईतून काढले. १९५५ मध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझविषयक कार्यक्रम सुरू झाला आणि लघुलहरींवरून तो जगभर पोहोचला. झवेरी यांच्याच पुढाकाराने १९७८ मध्ये रंगभवन येथे 'जॅझ यात्रा' महोत्सव भरला. तथापि मुंबईच्या गोमंतकीय वादकांचे हॉटेलांतील वादन फारच थोड्या प्रमाणात ध्वनिमुद्रित झाले. परिणामी पॅरिस वा न्यूयॉर्कच्या सूचींमध्ये त्यांना स्थान मिळाले नाही. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या ग्रंथाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. त्यासाठी तबकड्यांबरोबरच छायाचित्रे, वृत्तपत्रे व कुटुंबांच्या आठवणी यांचा आधार घ्यावा लागला.

श्रोत्यांनी घडवलेल्या इतिहासाच्या मर्यादा :

ध्वनिमुद्रिकेवर उभ्या असलेल्या इतिहासातील सर्वांत मोठी पोकळी १९४२ ते १९४४ या काळातील आहे. रेडिओ व ज्यूकबॉक्सवर तबकड्या वाजू लागल्याने वादकांची कामे जात होती आणि त्याचा मोबदलाही मिळत नव्हता. म्हणून अमेरिकन वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तो पूर्णतः मिटण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडले. याच अवधीत 'बीबॉप' ही नवी शैली घडत होती. अर्ल हाइन्स यांच्या १९४३ च्या संचात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र वाजवीत होते, पण त्या संचाची एकही व्यावसायिक ध्वनिमुद्रिका नाही. श्रोत्याला प्रिय असलेली वस्तू वादकाच्या पोटावर पाय देऊ शकते, ही जाणीवही या घटनेतून होते.

ध्वनिमुद्रिकांतून बीबॉप उशिरा आणि एकदम समोर आल्याने अनेक श्रोत्यांना ते परंपरेशी तुटलेले वाटले. याच वादातून १९४७ च्या सुमारास पनासिए व दलोने यांच्यात फूट पडली. स्त्री-वादकांचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. 'हॉट फाइव्ह'मध्ये पियानो वाजवणाऱ्या व रचना करणाऱ्या लिल हार्डिन यांची ओळख दीर्घकाळ आर्मस्ट्राँग यांची पत्नी एवढीच राहिली. 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम' या स्त्रियांच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच निघाल्या आणि संग्राहकांच्या याद्यांत त्याला अभावानेच जागा मिळाली. संग्राहक बहुसंख्येने पुरुष होते, हे येथे नोंदवणे क्रमप्राप्त आहे.

निष्कर्ष :

१. जॅझच्या इतिहासाची प्राथमिक साधने जतन करण्याचे व त्यांची सूची करण्याचे कार्य आरंभी हौशी श्रोत्यांनी केले. विद्यापीठे व अभिलेखागारे नंतर आली.
२. परवान्यांची अडचण, युद्ध, बंदी किंवा महागाई यांमुळे जेथे प्रत्यक्ष श्रवण दुर्लभ झाले, तेथे सहश्रवणाची प्रथा अधिक बळकट झाली.
३. मित्रांमधील पसंतीची देवाणघेवाण सूची, पुनर्मुद्रण व अल्बम या टप्प्यांतून जात इतिहासाची मान्य चौकट बनली.
४. या चौकटीत कृष्णवर्णीय कुटुंबांतील पहिले श्रोते, स्त्री-वादक आणि ध्वनिमुद्रणापासून वंचित राहिलेले मुंबईसारख्या ठिकाणचे कलावंत यांना पुरेसे स्थान मिळाले नाही. म्हणून ध्वनिमुद्रिकेला मौखिक साक्ष, वृत्तपत्रे व कौटुंबिक कागदपत्रे यांची जोड देणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातही नाट्यपदांच्या, भावगीतांच्या आणि लावण्यांच्या तबकड्या अनेक घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने अशा तबकड्यांच्या जतनाचे मोल जाणले. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना यात एक काम करता येण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांनी घरातील तबकडीवरील क्रमांक जरूर टिपावा. त्याबरोबरच ती कोणी आणली, कोणासोबत ऐकली, हे आजी-आजोबांना विचारून लिहून घ्यावे. अमेरिकेतील संग्राहकांनी दारात उभे राहून जो प्रश्न विचारला नाही, तो येथे विचारण्यास अजून थोडा अवधी शिल्लक आहे.